आयरिश मालगाडीची वाघीण ४ मिमी स्केलमध्ये: मास्टर, साचा आणि ओतकाम

आयर्लंडच्या जुन्या मालगाडीचं मॉडेल करायला निघालेले बहुतेक जण बाजारात मिळणारी ब्रिटिश वाघीण घेतात, तिला करडा रंग देतात आणि बाजूवर आयरिश कंपनीची अक्षरं चिकटवतात. लांबून ते खपून जातं. पण ज्यानं आयरिश गाड्यांचे फोटो नीट पाहिलेत त्याला ती वाघीण परकीच वाटते. रुंदी, छप्पर आणि खालच्या सांगाड्याचा रंग या तिन्ही ठिकाणी ती चुकलेली असते. पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून स्वतः एक अचूक नमुना, म्हणजे मास्टर, करणं, त्याचा सिलिकॉन साचा घेणं आणि रेझिन ओतून हव्या तेवढ्या वाघिणी काढणं हा मार्ग वेळखाऊ आहे, अवघड मात्र नाही. हाताशी सुरी, गुण्या आणि धीर असेल तर नवशिक्यालाही तो जमतो.

पद्धत समजावण्यासाठी जुन्या धाटणीची, लाकडी फळ्यांची, बंद मालवाघीण घेतली आहे. छताचा मधला भाग उघडा आणि त्यावर ताडपत्री, अशी रचना आयर्लंडमध्ये फार प्रचलित होती. ताडपत्री ओढली की आत माल राहायचा, गुंडाळली की गुरं भरता यायची. आयर्लंडच्या रेल्वेला गुरांच्या बाजारांनी मोठं काम दिलं आणि हे बाजार ठरावीक दिवशी भरत. फक्त गुरांसाठी बांधलेल्या वाघिणी एरवी रिकाम्या उभ्या राहिल्या असत्या. दोन्ही कामांना चालणारी वाघीण त्यामुळे सोयीची होती.

आधी काळ ठरवा

पत्रा कापण्याआधी आपली वाघीण कोणत्या वर्षांतली हे ठरवा. अक्षरं, चिन्ह, रंग, चाकं सगळं त्यावर अवलंबून आहे.

१९२५ पूर्वी दक्षिणेत अनेक कंपन्या होत्या. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नची कर्मशाळा डब्लिनजवळ इंचिकोरला होती, मिडलंड ग्रेट वेस्टर्नची ब्रॉडस्टोनला. १९२५ मध्ये या कंपन्या ग्रेट सदर्न रेल्वेजमध्ये एकत्र झाल्या आणि १ जानेवारी १९४५ पासून सीआयईचा, म्हणजे कोरस इंपार एरन या वाहतूक कंपनीचा, काळ सुरू झाला. उत्तर आयर्लंडच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना धावणारी ग्रेट नॉर्दर्न वेगळी राहिली. तिची कर्मशाळा डंडॉकला होती. १९५८ मध्ये तिची सीआयई आणि उत्तर आयर्लंडची अल्स्टर ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी यांच्यात वाटणी झाली.

नवशिक्याला १९४५ ते १९६० हा काळ सगळ्यात सोपा आणि सगळ्यात रंजकही. जुन्या कंपन्यांच्या लाकडी वाघिणी अजून रुळांवर होत्या, त्यांच्या शेजारी सीआयईचे अभियंता ऑलिव्हर बुलीड यांच्या कारकिर्दीतल्या पन्हळी पत्र्याच्या उघड्या वाघिणी दिसू लागल्या होत्या, आणि वाफेचं इंजिन असो की डिझेल, दोन्ही चालून जातात.

चित्रं आणि मापं मिळवण्यासाठी आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीचा डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातला संग्रह मोलाचा आहे. डब्लिन किंवा बेलफास्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना एक जास्तीची सोय आहे. कल्ट्राचं अल्स्टर ट्रान्सपोर्ट म्युझियम आणि डाउनपॅट्रिकची जतन केलेली रेल्वे प्रत्यक्ष पाहता येते. मालाहाइडला सिरिल फ्राय यांच्या मॉडेलांचा संग्रह आहे. फ्राय इंचिकोरच्या कर्मशाळेत ड्राफ्ट्समन होते आणि त्यांची मॉडेलं पाहिल्यावर बारकावा कुठे द्यायचा आणि कुठे सोडायचा हे चटकन कळतं. जिथे जाल तिथे वाघिणीच्या टोकाचा फोटो जरूर काढा. बाजूचे फोटो ढीगभर मिळतात, टोकाचे मिळत नाहीत.

गेजचा प्रश्न

आयर्लंडचा मुख्य गेज (दोन रुळांमधलं अंतर) ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिमी. आपल्याकडच्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजपेक्षा थोडा अरुंद, पण ब्रिटनच्या १४३५ मिमीपेक्षा बराच रुंद. ४ मिमीला १ फूट या स्केलमध्ये, म्हणजे १:७६.२ मध्ये, तो नेमका २१ मिमी होतो. बाजारात मिळणारा ओओ, म्हणजे याच स्केलच्या तयार मॉडेलांसाठीचा, रूळ १६.५ मिमीचा असतो. म्हणजे रूळ साडेचार मिमीनं अरुंद. समोरून पाहिलं की वाघीण रुळांवर भारी झालेली दिसते.

पहिल्या वाघिणीसाठी तरीही १६.५ मिमीच धरा. २१ मिमीवर रूळ, सांधे, इंजिनाची चाकं सगळं हातानं करावं लागतं. वाघीण जमली आणि गोडी लागली की तिकडे वळता येतं. ती शक्यता मोकळी ठेवायची असेल तर खालचा सांगाडा धडाला कायमचा चिकटवू नका, दोन स्क्रूंनी बसवा. पुढे सांगाडा, चाकं आणि आस बदलली की तीच वाघीण २१ मिमीवर चालेल.

मापं

स्केलचं गणित सोपं आहे. १ फूट म्हणजे ४ मिमी, ३ इंच म्हणजे १ मिमी, १ इंच म्हणजे ०.३३ मिमी. खालची मापं फक्त उदाहरणासाठी आहेत. आपल्या वाघिणीची मापं तिच्या स्वतःच्या ड्रॉइंगवरूनच घ्या.

धडाची लांबी १७ फूट: ६८ मिमी
धडाची रुंदी साडेआठ फूट: ३४ मिमी
बाजूच्या भिंतीची उंची साडेसात फूट: ३० मिमी
दोन आसांमधलं अंतर १० फूट: ४० मिमी
चाकाचा व्यास ३ फूट दीड इंच: १२.५ मिमी
रुळापासून बफरच्या मध्यापर्यंत: सुमारे १४ मिमी

ड्रॉइंग नसेल आणि फक्त बाजूचा फोटो असेल तर आसांमधलं अंतर मोजपट्टी म्हणून वापरा. फोटो असा छापा की ते अंतर बरोबर ४० मिमी येईल, मग बाकी मापं सरळ त्यावरून घ्या. फोटो तिरका असेल तर हे चालणार नाही. जवळचं चाक मोठं आणि लांबचं छोटं दिसत असेल तर तो फोटो मापासाठी बाद.

साहित्य

पॉलिस्टायरीनचे पत्रे ०.२५, ०.५, १ आणि १.५ मिमी जाडीचे. आयात केलेले मॉडेलचे पत्रे महाग पडतात. स्थापत्य मॉडेलांचं सामान विकणाऱ्या दुकानांत एबीएसचे पत्रे मिळतात आणि तेही चालतात. सनबोर्ड मात्र घेऊ नका. त्याचा गाभा फेसाळ असतो, त्यावर फळीची रेघ स्वच्छ उमटत नाही.

०.२५ × ०.७५ मिमी आणि १ × १ मिमीच्या पट्ट्या, ०.३ मिमीची पितळी तार, पत्रा जोडायचं द्रावण, पोलादी पट्टी, गुण्या, डिजिटल कॅलिपर, आकड्यासारख्या पात्याची रेघकाढी, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर. साच्यासाठी कथिल-उत्प्रेरकाचं आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला जमणारं) सिलिकॉन, पॉलियुरेथेनचं दोन भागांचं रेझिन, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. चालण्यासाठी टोकदार आसांची धातूची चाकं, २ मिमीची पितळी टोपी-बेअरिंग, ही बेअरिंग आणि आस धरणारे कोरीव पितळी अ‍ॅक्सलगार्ड, चार बफर आणि कडीचे कपलिंग.

मास्टर

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मास्टरवरचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक वाकडी फळी साच्यात उतरते आणि साच्यातून प्रत्येक वाघिणीत जाते. एका वाघिणीवरची चूक रंगाखाली झाकता येते, दहा वाघिणींवर तीच चूक ओळीनं दिसली की नजर तिथून हलत नाही.

मास्टर दोनच लागतात: एक बाजू आणि एक टोक. दोन्ही बाजू सारख्या असतील तर त्याच साच्यातून दोनदा ओतायचं. टोकाचंही तसंच. मात्र ब्रेकचा दांडा एकाच बाजूला असेल किंवा दारं वेगळी असतील, तर ते फरक नंतर हातानं लावायचे.

१. १.५ मिमीच्या पत्र्यातून बाजू ६८ × ३० मिमी कापा. टोक ३४ नव्हे, ३१ मिमी रुंद कापा, कारण ते दोन बाजूंच्या मधे बसणार आहे आणि प्रत्येक बाजूची जाडी १.५ मिमी आहे. हे गणित विसरलं तर वाघीण ३ मिमीनं, म्हणजे पाऊण फुटानं, रुंद होते. टोकाचा वरचा कड छताच्या गोलाईप्रमाणे कापा.

२. फोटोत फळ्या मोजा. अंदाजानं ठरवू नका. समजा १२ फळ्या आहेत, तर ३० मिमीत प्रत्येकी २.५ मिमी. कॅलिपर २.५ वर लावून दोन्ही कडांना खुणा करा, पट्टी धरून आधी सुरीनं हलकी रेघ मारा, मग त्याच रेघेतून रेघकाढी दोनतीनदा ओढा. खोली सुमारे ०.३ मिमी पुरते. पहिलाच हात जोरात मारला तर पातं घसरतं. रेघेच्या कडेला वर आलेली चुरचुरीत किनार वॉटर पेपरनं काढा, नाहीतर सिलिकॉन तिच्याखाली अडकतो.

३. अनेक आयरिश वाघिणींची चौकट फळ्यांच्या बाहेर असते, म्हणजे उभे खांब आणि तिरपे टेकू बाहेरून दिसतात. आधी उभे खांब लावा, मग तिरपे. तिरप्या पट्ट्यांची टोकं कोनात कापून खांबाला घट्ट भिडवा. फट राहिली तर तिथे सिलिकॉनची पातळ जीभ तयार होते आणि साचा काही ओतकामांतच तिथून फाटतो.

४. लोखंडी पट्ट्या ०.२५ मिमी जाडीच्या लावा. बोल्टसाठी ०.५ मिमीच्या गोल काडीचे बारीक काप करा, सुरीच्या टोकानं उचला, द्रावणाच्या थेंबात ठेवा. एका बाजूवर शंभराच्या घरात बोल्ट सहज भरतात. काम कंटाळवाणं आहे पण ते एकदाच करायचं आहे, आणि वाघिणीला वजनदारपणा येतो तो याच ठिपक्यांनी.

५. कोपऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या मास्टरवर लावू नका. धड जोडल्यावर सांधा झाकायला त्याच कामी येतात. कड्या, हातधरण्या, तारेची कोणतीही गोष्टही नंतरच. त्यांच्याखाली पोकळी असते, आणि एकतोंडी, म्हणजे एकाच बाजूनं उघड्या, साच्यातून पोकळीवरचा भाग निघताना तुटतो.

६. करड्या प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि उन्हात तिरपं धरून पहा. उघड्या पांढऱ्या पत्र्यावर न दिसलेले सगळे दोष आता दिसतात. दुरुस्त करा, पुन्हा प्रायमर. बारीक खळग्यांसाठी मॉडेलची पुट्टी वापरा. एम-सील जाडसर पडतं, घासताना आजूबाजूचा मऊ पत्राच आधी झिजतो.

थ्रीडी प्रिंटरवर मास्टर छापता येतो आणि फळ्या एकसारख्या येतात. पण थरांच्या रेघा घासाव्या लागतात, आणि अपुरं पक्कं झालेलं प्रिंटचं रेझिन सिलिकॉनला चिकट ठेवतं. छापलेला मास्टर नीट धुऊन, अतिनील दिव्याखाली पुरता पक्का करून, वर प्रायमर देऊन मगच वापरा.

साचा

सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं. प्लॅटिनमचं कमी आकसतं आणि जास्त टिकतं, पण गंधक किंवा लेटेक्सच्या हातमोज्यांचा स्पर्श झाला तरी जमत नाही. मुलांच्या मातीतही गंधक असू शकतं. सुरुवातीला कथिल-उत्प्रेरकाचंच घ्या.

काचेच्या तुकड्यावर बाजू आणि टोक उपडं नव्हे, तपशील वर करून चिकटवा. पूर्ण पाठ काचेला टेकली पाहिजे. दोन्हींमध्ये आणि सभोवार १० मिमी जागा ठेवून १ मिमी पत्र्याची भिंत उभी करा. मास्टरच्या माथ्यावर किमान १० मिमी सिलिकॉन आला पाहिजे. पातळ साचा ओतताना वाकतो आणि मग प्रत्येक भिंत पोटात फुगलेली येते. वरच्या मापांना सुमारे ९० ग्रॅम सिलिकॉन लागतो. उत्प्रेरक सहसा वजनाच्या २ ते ५ टक्के असतो, नेमकं प्रमाण डब्यावर असेल तेच पाळा. २ टक्के असेल तर ९० ग्रॅमला १.८ ग्रॅम. थेंब मोजून टाकू नका, काट्यावर टाका. कमी पडलं तर साचा आठवडाभर चिकट राहतो, जास्त झालं तर लवकर ठिसूळ होतो.

सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडून घ्या. आधी मऊ ब्रशनं मास्टरवर पातळ थर लावा, फळ्यांच्या रेघांत आणि बोल्टांभोवती तो दाबून भरा. बुडबुडे बहुधा तिथेच अडकतात, आणि साच्यातला प्रत्येक बुडबुडा पुढे रेझिनचा फोड होऊन वाघिणीवर येतो. मग उरलेला सिलिकॉन एका कोपऱ्यात, उंचावरून, बारीक धारेनं ओता आणि त्याला आपणहून पसरू द्या. चोवीस तास हात लावू नका.

ओतकाम

पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग असतात. प्रमाण बहुधा एकास एक, पण ते आकारमानानं की वजनानं हे बाटलीवर वाचा. दोन्हींची घनता वेगळी असते आणि इथली गल्लत हे मऊ, रबरासारख्या वाघिणींचं नेहमीचं कारण आहे.

दोन बाजू आणि दोन टोकं मिळून साधारण ९.५ मिली रेझिन बसतं. सांडलवंड धरून एका वाघिणीला १२ मिली धरा. पण साच्यात एका वेळी एक बाजू आणि एक टोकच बसतं, म्हणून एका खेपेला ६ मिलीच मिसळा. झटपट जमणारं रेझिन दोनतीन मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. एकदम जास्त मिसळलं तर गरम होऊन आणखी लवकर गोठतं.

कोकणात, मुंबईत किंवा पावसाळ्यात कुठेही हे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: या रेझिनचा शत्रू पाणी आहे. त्यातलं आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी मिसळून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ओतलेला तुकडा पावासारखा फुगतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओतकाम टाळता आलं तर उत्तम. नाहीतर हवा कोरडी असेल तो दिवस निवडा. बाटल्या वापरून होताच बंद करा, सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. कागदी पेला आणि लाकडी काडी दोन्हींत ओलावा असतो, म्हणून प्लॅस्टिकचा पेला आणि पोलादी काडी घ्या. बाटली थंड करायला फ्रिजमध्ये ठेवून लगेच उघडू नका, आत दव धरतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात मिनिटं कमी मिळतात, तेव्हा पहाटे काम करा.

क्रम असा. साच्यावर ब्रशनं टाल्कम पावडर लावून जादाची झटका. पावडरीमुळे रेझिन कोपऱ्यांत ओढलं जातं. रेझिन मिसळा, तीस सेकंद ढवळा, काठोकाठ ओता, सुईनं बोल्टांवरचे बुडबुडे उचला. मग कडक पारदर्शक अ‍ॅसिटेटचा तुकडा एका कडेपासून हळूहळू खाली टेकवत न्या म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. वर काच आणि थोडं वजन ठेवा. पाठ यामुळे सपाट येते आणि जाडी १.५ मिमीच राहते. अ‍ॅसिटेट न लावता सोडलं तर मधे खळगा येतो, घासून एकसारखी पाठ करण्यात तासन्तास जातात.

पातळ तुकड्यात स्वतःची उष्णता फारशी होत नाही म्हणून तो जमायला वेळ घेतो. अर्ध्या तासानं काढला तर अजून लवचीक असतो. काढल्याबरोबर दोन काचांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा. तरी वाकला तर ६०–७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून पुन्हा काचेखाली दाबा, सरळ होतो.

एका साच्यातून साधारण वीस-तीस खेपा चांगल्या निघतात. त्यानंतर रेघांच्या कडा फाटू लागतात. एका वाघिणीला दोन खेपा लागतात, म्हणजे दहा-पंधरा वाघिणी. मास्टर जपून ठेवा, दुसरा साचा कधीही घेता येतो.

नायट्रिल हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. पावसाळी हवा आणि बंद खोली यांच्यात निवड करायची वेळ आली तर ओतकाम पुढे ढकला, ही वाफ बंद खोलीत घेऊ नका. रेझिन घासताना मास्क लावा किंवा पाण्याखाली घासा.

धड जोडणं

तुकड्यांवरची पावडर आणि तेलकटपणा भांड्यांच्या साबणानं धुवा. रेझिनला पत्र्याचं द्रावण चिकटत नाही. फेविक्विक किंवा दोन भागांचं इपॉक्सी वापरा.

तळ कापण्याआधी ओतलेली बाजू कॅलिपरनं पुन्हा मोजा. सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही किंचित आकसतात. ६८ मिमीवर पाव मिमीचा फरक सहज पडतो. मास्टरच्या मापानं तळ कापला तर टोकं बाहेर ढकलली जातात आणि कोपऱ्याला फट राहते. आपल्या उदाहरणात आतली जागा सुमारे ६५ × ३१ मिमी आहे. तळ १ मिमी पत्र्याचा, मापापेक्षा केसभर कमी.

एक बाजू आणि एक टोक गुण्याला धरून इंग्रजी एल आकारात जोडा. तसा दुसरा एल. मग दोन एल तळाभोवती एकत्र आणा. कर्ण मोजा, दोन्ही सारखे हवेत. कोपऱ्यांवर ०.१३ मिमी पत्र्याच्या किंवा जाड कागदाच्या पट्ट्या लावून सांधे झाका, त्यावर बोल्ट.

धड रेझिनऐवजी पत्र्याचंच केलं असेल तर तळाला ३ मिमीची दोन भोकं पाडायला विसरू नका. बंद पेटीत द्रावणाची वाफ कोंडते आणि काही महिन्यांनी भिंती आत ओढल्या जातात.

सांगाडा

वाघीण रुळावरून का पडते याचं उत्तर जवळजवळ नेहमी इथे सापडतं.

सोलबार (बाजूच्या लांब तुळया) आणि हेडस्टॉक (टोकांच्या आडव्या तुळया) १.५ मिमी पत्र्यातून कापा, उंची ड्रॉइंगप्रमाणे, बहुधा ३ ते ४ मिमी. ब्रिटिश किटचा तयार सांगाडा वापरायचा मोह होतो. वापरलात तर हेडस्टॉकची रुंदी आणि बफरांमधलं अंतर आपल्या ड्रॉइंगशी ताडून पहा. आयरिश धड रुंद असल्यामुळे तो सांगाडा पोटाखाली आत गेलेला दिसतो. अ‍ॅक्सलबॉक्स आणि स्प्रिंगांच्या मागे ०.५ मिमीचा तुकडा देऊन ते बाहेर घेतले की समोरून तोल बरोबर वाटतो.

अ‍ॅक्सलगार्डमध्ये पितळी बेअरिंग बसवा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ओओसाठी १४.५ मिमी तपासा. विकत घेतलेली चाकंही चुकलेली असू शकतात. एका टोकाचे अ‍ॅक्सलगार्ड पक्के चिकटवा. दुसऱ्या टोकाचे मध्यावरच्या आडव्या तारेवर डुलतील असे ठेवा म्हणजे चारही चाकं रुळाला टेकतात. आसांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एकीकडे ४० आणि दुसरीकडे ४०.४ आलं तर वाघीण सतत एका रुळाला घासत जाईल आणि पहिल्याच सांध्यावर उतरेल. चाकाला फुंकर मारा, निदान दोनतीन सेकंद फिरत राहिलं पाहिजे.

काचेवर उभी करून १४ मिमीच्या ठोकळ्यानं बफरची उंची पहा. जास्त असेल तर अ‍ॅक्सलगार्डखालचा पत्रा घासा, कमी असेल तर पातळ पट्टी घाला.

वजन एका आसेला २५ ग्रॅम या हिशोबानं एकूण ५० ग्रॅम ठेवा. पूर्ण वाघीण काट्यावर ठेवून जितकं कमी पडेल तितकं शिसं किंवा लोखंडी नट आत, आसांच्या मधे, इपॉक्सीनं चिकटवा. शिसं फेविकॉलनं चिकटवू नका. दोन्हींची प्रक्रिया होऊन शिसं हळूहळू फुगतं आणि काही वर्षांत धडच उकलतं.

जुन्या अनेक वाघिणींना ब्रेकचा दांडा आणि ठोकळे एकाच बाजूला होते. दोन्हीकडे लावण्याआधी फोटो पहा. जुन्या वाघिणीला आऱ्यांची चाकं शोभतात.

ताडपत्रीचं छप्पर

छताचे दोन टोकांकडचे पक्के भाग ०.२५ मिमी पत्र्याचे दोन थर एकमेकांवर जोडून करा. छतापेक्षा थोड्या कमी व्यासाच्या बाटलीवर चिकटपट्टीनं बांधून रात्रभर ठेवा. एकच जाड पत्रा वाकवला तर तो पुन्हा सरळ व्हायला बघतो, दोन थर जोडले की गोलाई टिकते.

मधल्या भागात ०.५ मिमी तारेच्या कमानी बसवा. टिश्यू पेपरचा एक पदर घ्या, फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून भिजवा, कमानींवर पसरवा. वाळताना तो कमानींच्या मधे थोडा खाली बसतो आणि ताडपत्रीची खरी ढब येते. फार ताणून लावाल तर पत्र्यासारखा दिसेल. कडांना बारीक दोऱ्याचे बांध. रंग गर्द, जवळजवळ काळा, पूर्ण मॅट. एखाद्या वाघिणीची ताडपत्री गुंडाळलेली दाखवा, आतल्या भिंती मात्र मग रंगवाव्या लागतील.

रंग आणि अक्षरं

ब्रिटिश सवयीनं सांगाडा काळा करू नका. आयरिश वाघिणींवर धड, सांगाडा, लोखंडी पट्ट्या, स्प्रिंगा, सगळ्यांवर एकच करडा रंग असे. एवढी एक गोष्ट बरोबर केली तरी मॉडेल आयरिश दिसू लागतं. सीआयईच्या वाघिणी सत्तरच्या दशकाकडे तपकिरी होऊ लागल्या, तोवर करडा धरा. पितळी भागांवर आधी एच प्रायमर (धातूला पकडणारा) द्या, नाहीतर अ‍ॅक्सलगार्डवरचा रंग बोटानंच सुटतो. दर वाघिणीला करड्यात एक-दोन थेंब पांढरा किंवा काळा कमीजास्त करा. एका छटेच्या दहा वाघिणी कुठल्याच यार्डात नव्हत्या.

अक्षरं पांढरी. सीआयईच्या सुरुवातीच्या काळात ‘फ्लाइंग स्नेल’ असं टोपणनाव पडलेलं पंखासारखं चिन्ह होतं, साठच्या दशकात त्याची जागा तुटक्या चाकाच्या चिन्हानं घेतली. जुन्या कंपनीची अक्षरं नव्या मालकीतही बरीच वर्षं पुसट दिसत राहत. एक वाघीण अशी जरूर करा. डिकल (छापील अक्षरांची पातळ पट्टी) लावण्याआधी चकचकीत वार्निश द्या. मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी चमकतात. नंतर मॅट वार्निश.

धूळ आणि गंज खालून वर कमी होत गेला पाहिजे. ब्रेकच्या ठोकळ्यांशेजारी गंजाचा तपकिरी, सोलबारवर रुळांची धूळ. गुरांच्या वाघिणी चुन्यानं धुतल्या जात, म्हणून जुन्या काळातल्या अशा वाघिणीवर दाराच्या फटींतून खाली पांढरे ओघळ दाखवा. बारीक ब्रशनं पातळ पांढरा, लगेच ओल्या बोटानं खाली ओढायचा. दोनतीन ओघळ पुरेत.

गाडी लावताना

या वाघिणींना तीन कड्यांचं कपलिंग आणि स्वतःचा हाताचा ब्रेक एवढंच असे. इंजिनवरून लागणारा ब्रेक नसल्यामुळे गाडीच्या शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन हवीच, तिच्याशिवाय गाडी अपुरी आहे. घरच्या लेआउटवर वळण ६०० मिमी त्रिज्येपेक्षा घट्ट असेल तर तीन कड्यांवर बफर एकमेकांत अडकतात. तिथे मधल्या वाघिणींना तारेचे साधे हुक लावा आणि फक्त दोन टोकांना खऱ्या कड्या ठेवा.

एका मास्टरच्या चारपाच वाघिणी झाल्या की थांबा आणि दुसऱ्या कंपनीच्या, वेगळ्या उंचीच्या वाघिणीचा मास्टर हाती घ्या. त्यानंतर पन्हळी पत्र्याची उघडी वाघीण करा. तिचा एकच मास्टर दोन कामं देतो. पुढे सीआयईनं अशा धडांवर दुसरं धड चढवून बीटच्या दुमजली वाघिणी केल्या आणि वेक्सफर्डमधल्या वेलिंग्टनब्रिजहून मॅलोच्या साखर कारखान्याला बीट २००६ पर्यंत त्यांतूनच जात होतं. साच्यातून दोन संच जास्त ओतले की तीही वाघीण तयार होते.